मैत्री खात्यातलं जहाज

समीक्षकांची पुस्तक वाचायची पद्धत ठरलेली होती. सुरुवातीची काही पानं, मलपृष्ठ आणि शेवटचं प्रकरण. मधला भाग ते लेखकावर विश्वास ठेवून सोडून देत. आजवर कुणाची तक्रार आली नव्हती, कारण परीक्षण वाचणारे सहसा पुस्तक वाचत नसत.

पण आता संपादकांनी किशोरांसाठी नवं सदर काढलं होतं. "पहिला लेख जमला तर सदर तुझं," त्यांनी बजावलं होतं. "पण सांभाळ बाबा, ही पोरं खरंच वाचतात." समीक्षकांना ते सदर मनापासून हवं होतं. त्यांचं जुनं सदर जाहिरातींच्या मधल्या फटीत जाऊन बसलं होतं.

कादंबरी भविष्यातल्या एका शहराची होती. सोळावं लागलं की सरकारचं मैत्री खातं प्रत्येकाला तीन मित्र नेमून देई. नायिका आपल्या मनानं चौथी मैत्रीण करते आणि सगळं बिनसतं. समीक्षकांनी सकाळीच लेख हातावेगळा केला आणि चहा आणायला गेले. परत येतात तो मुक्कामाला आलेल्या सासूबाई टेबलाशी बसून लेख वाचत होत्या. कादंबरी त्यांनी कधीच संपवली होती.

"जावईबापू, झकास लिहिलंय. फक्त ते जहाज कुठून आणलंत?"

"शेवटच्या प्रकरणातून, आई. नायिका तिथे दिसतच नाही. नुसता समुद्र, जहाज आणि दाढीवाला कप्तान. व्यवस्थेनं तिला पुसूनच टाकलंय. केवढं धाडस!"

"पण त्या शहराला समुद्र नाहीये हो."

"तेच तर! प्रतीक आहे ते."

सासूबाईंनी पुस्तक उघडून एका पानावर बोट ठेवलं. त्या शेवटच्या प्रकरणाच्या वर प्रकाशकानं बारीक अक्षरात छापलं होतं: 'आमच्या आगामी सागरी कादंबरीतलं एक प्रकरण, खास आपल्यासाठी.'

"काय झालं गं, आई?" आतून बायकोनं विचारलं.

"काही नाही. तुझ्या नवऱ्याचं जहाज बुडालं."

समीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, खरा शेवट काय आहे? पटकन सांगा, चार ओळी बदलतो."

"मी नाही सांगायची. शेवट सांगायचा नसतो, हे परीक्षण लिहिणाऱ्याला मी शिकवू? वाचा की. अख्खा दिवस पडलाय."

समीक्षक कुरकुरत गॅलरीत जाऊन बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली. दुपारी ते एकदम ओरडले, "अगं, दार उघडू नकोस!" शेजारच्या गॅलरीतल्या बाई कपडे तसेच टाकून आत गेल्या. सासूबाई काही ना काही निमित्त काढून कितवं पान आलं ते बघून जात.

"त्या चौथीचं कळलं का?"

"आई, एक अक्षर बोलायचं नाही!"

संध्याकाळी संपादकांचा फोन आला. "लेख कुठाय?"

"उद्या देतो. वाचतोय अजून."

"तब्येत बरी आहे ना? काय वाचतोयस?"

"ज्याच्यावर लिहायचंय तेच पुस्तक."

"एवढं चांगलं आहे?"

"माहीत नाही. ती भिंतीवर लटकतेय, खाली पहारेकरी आहेत. ठेवा फोन!"

संपादक खो खो हसले. "हेच पहिलं वाक्य टाक. सदर तुझं."

समीक्षकांनी फोन उपडा ठेवला आणि पान उलटलं. सासूबाईंनी खुर्ची ओढून बरोबर समोर घेतली. पुढच्या पानावर जावयाचा चेहरा कसा होतो, ते त्यांना चुकवायचं नव्हतं.