लिंबाखालचा कोपरा

व्यंकटरावाचं सकाळपासून एकच चाललं होतं. रुमाल बांधला, सोडला, परत बांधला. बायको आशाबाई चुलीपुढून बघत होती.

"काहून असं करून राहिले? वाटण्या तर व्हनारच हायेत," ती म्हणाली.

"तू गप ऱ्हा!" व्यंकटराव खेकसला आणि वावराकडं निघाला.

बाप नुकताच गेला होता. मागं दोन भाऊ आणि दोन वावरं. एक विहिरीचं, हळदीचं; दुसरं माळावरचं, कोरडवाहू. घराण्याची रीत अशी, की पंचांच्या मोलानं थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागाच नको. ज्यानं ही रीत पाडली त्या भल्या माणसानं आमचा व्यंकटराव पाहिला नव्हता!

विहिरीचं वावर त्याला हवंच होतं. मिसरूड फुटल्यापासून तिथं त्यानंच मोट हाकली होती. धाकटा माणिकराव हिंगोलीला कापसाच्या कारखान्यात; त्याला हळद ठाऊक ती वरणापुरती. पण आधी उचलायचा हक्क त्याचा, आणि डोळे असलेला माणूस विहीर सोडून माळ कशाला घेईल? म्हणून व्यंकटरावानं पंच बोलावले ते मुद्दाम पार साखरा गावचे. सटवाजीमामा शब्दाचे पक्के, पण उभा जन्म कोरडवाहूत गेलेला. जवारीचं विचारा, कापसाचं विचारा. हळद त्यांनी बाजारातच बघितलेली.

"विहिरीला चैतात घोटभर पानी ऱ्हात न्हाई, मामा," व्यंकटरावानं बांधावरच सुरुवात केली. "जमीनबी बिघडून राहिली."

"पण पीक तर मातीखाली. मोल करावं कसं?"

"खणून दावतो की!"

आणि हा गडी पंचांना घेऊन गेला तो सरळ लिंबाखालच्या कोपऱ्यात. तिथं लिंबाच्या मुळ्या मातीला काही ठेवत नसत. त्या कोपऱ्यातली हळद घरचं कुणी जमेतच धरत नसे. व्यंकटरावानं कुदळ मारली. करंगळीएवढी चार हळकुंडं निघाली. सटवाजीमामांनी ती तळहातावर घेतली आणि मान हलवली. वाटणीसाठी हिंगोलीहून आलेला माणिकराव मागं उभा राहून बघत होता.

वावराचं मोल पडलं. बरोबरी व्हावी म्हणून मामांच्या सांगण्यावरून व्यंकटरावानं त्या वाट्यात बैलजोडीही घातली. त्याला आतून उकळ्या फुटल्या. कारखान्यातला माणूस बैल घेऊन काय करणार? विहीरही आपली, बैलंही आपली!

"उचल, माणिकराव," मामा म्हणाले.

माणिकराव म्हणाला, "दादा, तुमाला चार लेकरं हायेत. चांगलं वावर तुमालाच ऱ्हाऊ द्या. मला पगार हाय, म्या हे बिघडलेलंच घेतो. बैलं दोघायनं वापरू."

व्यंकटरावाच्या पायाखालची जमीनच सरकली. बोलावं तर लबाडी उघडी पडते, गप बसावं तर जन्माची मेहनत जाते.

"आरं, नीट इचार कर..." त्याला कसंबसं फुटलं.

"केला, दादा. आता माझं वावर मला बघू तर द्या." माणिकरावानं हसत कुदळ उचलली आणि तो वावराच्या मधोमध गेला. त्याला थांबवायला तोंड होतं कुणाला?

एकाच घावात सगळा गड्डा वर आला. दोन्ही हातांत मावेना एवढा, हळकुंडांनी लगडलेला. माणिकरावाचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं लिंबाकडं बघितलं, मग भावाकडं.

मामा संतापानं लाल झाले. "व्यंकट्या, लाज न्हाई वाटली? मोल पुन्यांदा व्हईल. वाटेबी पुन्यांदा पडतील."

खरं सांगायचं तर लाजेच्या आधी व्यंकटरावाला आशाच वाटली. अजून वावर हाती येईल! त्यानं झटकन वर बघितलं, आणि ते माणिकरावानं पाहिलं.

"न्हाई मामा," माणिकराव म्हणाला. "त्यायनं वाटे पाडले, म्या उचलला. झालं." त्यानं गड्डा बांधावर ठेवला, हाताची माती झटकली. "बैलं उद्या सोडून नेतो, व्यंकटराव."

बोलायला लागल्यापासून त्यानं भावाला नावानं कधी हाक मारली नव्हती.

"माणिक... आरं, म्या तुझा दादा..." व्यंकटराव त्याच्यामागं दोन पावलं धावला. तोवर माणिकराव बांध ओलांडून पुढं गेला होता.