जयगडच्या गॅरेजमधला भित्रा कोबा

मी झुबेरच्या गॅरेजचा कोबा. जरा हळू बोलतोय, कारण वर जीप उभी आहे आणि मी जन्माचा भित्रा. स्लॅब म्हटलं की लोक वर बघतात. मी खालचा. मला बघत कोणी नाही, तुडवतात मात्र सगळे.

माझा जन्म जयगडच्या चढावर, जांभ्याच्या लाल जमिनीत झाला. झुबेर बोटीवर इंजिन सांभाळायचा. थंड मुलखातल्या बंदरांत त्याने जमिनीखाली जाड फोम घालताना पाहिलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात लादीला घाम सुटतो आणि खाऱ्या हवेत गाडीचं बूड गंजून जातं. त्याच्या वडिलांची, गुलाम रसूलभाईंची जीप तशी जाऊ द्यायची नाही, म्हणून त्याने टेम्पोभर थर्माकोल आणलं.

धोंडू मिस्त्री साच्याच्या फळ्या ठोकत होता, तो थांबला. "काय हो झुबेरशेठ, गणपती आमच्याकडे नि मखर तुमच्या गाडीला?"

"मखर नाय काका, गादी. जीप झोपंल तिच्यावर."

"झोपली नि उठलीच नाय तर?"

मी तेव्हा नुसती खडी, वाळू आणि सिमेंटच्या गोणी होतो, तरी हे ऐकून गोणींना कंप सुटला. शेजारचा कुत्रा साक्षीला आहे.

खाली प्लास्टिक पसरलं, त्यावर थर्माकोल, कडेनेही थर्माकोलचे उभे पट्टे. पण वारा असा, की एक तक्ता उडाला तो खाडीपलीकडे जाऊन पडला. बरं, शेजारच्या माडात अडकला. मग धोंडूने तक्त्यांवर वजनाला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे तुकडे ठेवले. सळ्यांची जाळी अंथरायच्या सकाळी त्यातल्याच एकावर त्याने जास्वंद वाहिली, नारळ फोडला आणि जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं.

बाकीचे तुकडे उचलले गेले. त्या एकाला कोणी हात लावेना. झुबेरला वाटलं, धोंडूकाकांच्या देवाचा दगड, आपण कसा हलवायचा? "राहू दे तो," तो म्हणाला. धोंडूला वाटलं, शेठच राहू दे म्हणतात, म्हणजे त्यांचंही काही मागणं असेल, आपण कशाला मध्ये बोला? त्याने जाळीची एक सळई वाकवून दगडाला वाट दिली. मिक्सर फिरला. दोघांच्या भिडेपायी तो चिरा माझ्या पोटात गेला, आणि त्याच्यावर माझी साल उरली जेमतेम बोटभर.

मला ते कळत होतं. सांगू कुणाला? गोणपाट पांघरून पडलो होतो तेव्हा झुबेर पाण्याचा पाइप धरून रोज एकच म्हणायचा, "बाबा, तडा तेवढा देऊ नको."

मी तोंड मिटून घेतलं. जीप आली, मी मिटलेलाच. खाली घुशी उकरायच्या, वर टायर फिरायचे, मी श्वास धरून पडून. चाक त्या जागेवरून गेलं की माझी वाळू सरकायची. पण चाक पुढे जातं. मी भ्यायचो ते थांबणाऱ्या वजनाला.

मागच्या आठवड्यात ते आलं. झुबेरने चाक काढलं, जॅक लावला, नेमका त्या चिऱ्यावर, आणि स्वतः जीपखाली सरकला. जॅकचा पाय माझ्या बोटभर सालीत रुतायला लागला. सुरुवातीला केसभर, मग आणखी. चिरा खालच्या थर्माकोलात दबत होता. झुबेर गुणगुणत होता. मला ओरडायचं होतं, पण कोब्याला आवाज असतो तो एकच, आणि नेमका तोच त्याने नको म्हटला होता.

मी तडकलो. दारापर्यंत. आवाज असा झाला की बंदरावरची जहाजं मागे सरली. बरं, पत्र्यावरचे कावळे उडाले.

"शमीम," झुबेर खालूनच बायकोला हाक मारत होता, "काय पडलं गो?"

शमीम चहा घेऊन दारात आली होती. "पडलं काय नाय. तुमचा तो परदेशी कोबा फुटला."

झुबेर जिवाच्या भीतीने बाहेर आला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो रागाने आला, तडा बघायला. वाकून बोट फिरवतोय तोवर मागे जॅक आत बुडाला आणि जीप धाडकन बसली. शमीमने चहाचा कप तिथेच ठेवला आणि झुबेरला दंडाला धरून दाराबाहेर ओढलं.

दुसऱ्या दिवशी धोंडूने ती जागा फोडून चिरा काढला.

"तुमचा म्हणून ठेवला," झुबेर म्हणाला.

"माझा? मी तुमचा म्हणून ठेवला."

शमीमने दोघांकडे पाहिलं. "एकमेकांना विचारलं असतं, तर तोंडं झिजली असती काय?"

आता धोंडू म्हणतो राखणदाराने वाचवलं, झुबेर म्हणतो अल्लाने. माझं नाव कोणी घेत नाही. खड्डा भरलाय, जॅकखाली फळी ठेवायची ठरलीय. उद्या धोंडू सिमेंटचा पातळ घोळ ओतून दारापर्यंतचा तडाही बुजवणार आहे.

म्हणून आज त्याच तड्यातून तुम्हाला सांगतोय. कोणी धोंडूला थांबवा हो. झुबेर पुन्हा जीपखाली जाणार, फळी एखाद दिवशी विसरणार, आणि मला ओरडायला तोंड एवढंच आहे.