यादीतलं सातवं नाव

पोस्टकार्ड वाचून पॉलिन उभी राहिली, खाली बसली, पुन्हा उठली आणि चपला न घालताच मागच्या वाडीत धावली.

"आई, मयेकर जिवंत आहेत!"

आल्बिनाबाई केळीची वाळकी पानं छाटत होत्या. "कोण मयेकर?"

"शांताराम मयेकर. पपांच्या यादीतले. सातवे!"

कोयता हवेतच थांबला. "अगं, त्यांच्या आत्म्याला आपण दर नोव्हेंबरात शांती मागतो."

"छप्पन्न वर्षं."

"आणि हा माणूस आहे कुठे?"

"विरारला, मुलीच्या फ्लॅटमध्ये. अकरा वर्षं तिथेच राहतात!"

पापडीच्या चर्चमध्ये ऑक्टोबर संपायच्या आत घराघरांतून मृतांची यादी जायची. पॉलिनचे वडील आलोशियस तुस्कानो आपल्या आईबापांच्या खाली 'तानसा' बोटीबरोबर बुडालेल्या सात खलाशांची नावं लिहायचे. त्यात दोन मुसलमान होते, तीन हिंदू. "यांचा बाप्तिस्मा झाला होता का, आलोशियस?" एका फादरनी विचारलं होतं. "पाण्यात तर सगळेच गेले, फादर," पपा म्हणाले होते. फादरनी यादी घेतली होती.

पपा यंदा सप्टेंबरात गेले. निधनाच्या बातमीसोबत पॉलिननं त्यांचा नौदलाच्या गणवेशातला फोटो पेपरात छापला होता. तो पाहूनच हे कार्ड आलं होतं. यंदाची यादी मात्र टेबलावर तशीच पडली होती. जुनी नावं उतरवून झाली होती. नवं एक लिहायला हात उचलत नव्हता.

आनंदाच्या भरात कार्डाची शेवटची ओळ तिनं आईला वाचून दाखवली नाही. 'रविवारी येतो. तुझ्या वडिलांकडे माझं एक काम राहिलं आहे.'

काम काय असेल, हे तिला ठाऊक होतं. बोट बुडाली त्या दिवसाची गोष्ट पपांनी फक्त तिलाच सांगितली होती.

महायुद्धात, त्रेचाळीस साली, नौदलाची 'तानसा' मालवाहू बोटींच्या ताफ्याबरोबर असायची. "मेंढ्यांमागं धनगराचा कुत्रा असतो ना, तशी," पपा म्हणायचे. एका पहाटे पाणबुडीच्या पाणतीरानं तिला मधोमध फोडलं. पपा सिग्नलमन, दूरच्या बोटींना हातांच्या खुणांनी अक्षरं दाखवणारे. ते जीवरक्षक होडीत पोचले, तेव्हा होडी काठोकाठ भरली होती. दूर एका फळीवर शांताराम एक हात हलवत होता. अधिकाऱ्यानं होडी वळवू दिली नाही. पपा उठून उभे राहिले आणि हातांनी एकेक अक्षर दाखवत त्यांनी निरोप पाठवला, 'कमिंग'. येतो. होडी उलट्या दिशेला गेली.

"मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो," पपा म्हणाले होते. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही.

रविवारी अकरा वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. काटकुळा, ताठ म्हातारा उतरला.

"या, या!" आल्बिनाबाई ओरडल्या. तो भलतीकडेच बघत राहिला.

"बहिरे आहेत वाटतं," पॉलिन म्हणाली. लहानपणी ती पाण्याच्या पंपापाशी उभी असली की पपा वाडीच्या टोकावरून तिला हातांच्या अक्षरांनी 'बंद कर' सांगायचे. ती अंगणात पुढे झाली, दोन्ही हात उचलले आणि अक्षरं केली, 'वेलकम'.

म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी खाली पडली. त्याचे हात खटाखट उठले. 'थँक यू.'

"बसीनाचा चेडू!" तो गरजला. "नाक त्याचाच! वसईचो म्हणून बोटीर आमी त्येका बसीनच म्हनू. खरा नाव फोटोखाली वाचलंय तेव्हा समाजला."

चहा येईपर्यंत त्यानं टेबलावर लढाई मांडली. सुकेळीचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे, तुकडे झाले मालवाहू बोटी, बिस्किट झालं 'तानसा'.

"अहो, ती खायला दिलीत!" आल्बिनाबाई म्हणाल्या. त्याला ऐकू कुठे येत होतं!

"हय पाणबुडी. आनि धडाम!" बिस्किट चहात बुडालं. "कान थंयच गेले माझे!"

पॉलिन हसली. मनातला प्रश्न मात्र आईसमोर तोंडानं विचारणं शक्य नव्हतं. ती उठली आणि तिनं एकेक अक्षर सावकाश हातांनी केलं, 'पपांवर राग आहे?'

"हे काय हातवारे चाललेत?" आल्बिनाबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला.

"त्येका एक शिवी घालूची होती आनि एक मिठी मारूची होती. होडीत जागा नव्हती, ता माका फळीवरसून दिसत होता. तो येवचो नाय, ह्यापन माका म्हायत होता. पन 'येतंय' म्हणालो मा? हात सोडूचो इचार इलो, की वाटायचा, तो खरोच इलो आनि मी थंय नसलंय तर? फुकट हेलपाटो पडतलो त्येका." त्यानं बशीतून चहाचा घोट घेतला. "दीड दीस फळी धरून ऱ्हवलंय. मग एका मालबोटीन उचलल्यान आनि थेट डरबनाक नेल्यान. तुझो बापूस खोटा बोललो, म्हणून मी आसंय."

आल्बिनाबाईंना काय ते कळलं असावं. त्यांनी त्याच्या बशीत आणखी चहा ओतला.

पॉलिननं यादी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं चष्मा लावला, सातव्या खलाशाच्या नावावर बोट ठेवलं आणि घर दणाणेल असं हसला.

"छप्पन्न वर्सां! म्हणूनच काय माका कधी ताप येवक नाय!" त्यानं पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या नावावर जाड रेघ मारली. "तेव्हा जागा नव्हती. आता मी उतारतंय. बसव त्येका हय."

पॉलिननं रेघेशेजारी लिहिलं, आलोशियस तुस्कानो. पूर्ण नाव, एका दमात.

'चर्चमध्ये कधी द्यायची?' त्यानं हातांनीच विचारलं.

'आत्ता,' तिनं हातांनी सांगितलं आणि दाराकडे धावली.

"अगं, चपला घाल!" आल्बिनाबाई मागून ओरडल्या. "आणि रिक्षा थांबव, मीही येते!"