नावाडी कोणाकडे वळला

गाडीच्या टपावरची दोरी काही सुटेना. नीलांबरीनं चष्मा कपाळावर चढवला, टाचा उंचावल्या आणि गाठीत नख घातलं. नख मोडलं, गाठ तशीच.

"तूच बांधलीस ना ही?"

"यूट्यूब बघून," रुही म्हणाली. "स्ट्राँग पाहिजे म्हणालीस. आता स्ट्राँग आहे तर कंप्लेन करतेस."

"बांधायला शिकलीस, सोडायला नाही. बापावर गेलीस अगदी."

दोरीखाली जुन्या चादरीत गुंडाळलेल्या तिच्या नवऱ्याच्या, यतीनच्या, मासे धरायच्या तीन काठ्या होत्या. टेक्सासमधल्या अर्विंगपासून लुईझियानाच्या या किनाऱ्यापर्यंत त्या टपावर शीळ घालत आल्या होत्या. नीलांबरीचा बेत साधा होता. काठ्या यतीनच्या मित्रांच्या हवाली करायच्या, दोन शब्द गोड बोलायचे, घोटभर पाणी प्यायचं आणि रात्रीच्या जेवणाला ह्यूस्टनला शुभामावशीकडे पोचायचं. यतीनला जाऊन आठ महिने झाले होते. गॅरेजमध्ये गाडी लावताना रोज त्या काठ्या समोर यायच्या, आणि रोज तिला तोच एक विचार टोचायचा.

पांढरे रबरी बूट घातलेला एक बुटका, तांबूस म्हातारा घराच्या पायऱ्या उतरून आला. हा बूड्रो. त्यानं दोरीचं एक टोक चिमटीत धरून ओढलं, आणि गाठ लोण्यासारखी सुटली.

"या, मिस नीला," तो म्हणाला. "जेवण तयार आहे. राजमा केलाय. मांस नाही, कांदा नाही, लसूण नाही. आज एकादशी नाही, ते मी कॅलेंडरात बघून ठेवलंय."

त्याच्या जिभेवर 'एकादशी' हा शब्द चांगलाच लोळला, पण पडला बरोबर जागेवर. रुहीनं आईकडे पाहिलं. नीलांबरी चादर सारखी करत राहिली.

घर लाकडी खांबांवर उभं होतं आणि मागचा ओटा थेट तळ्यावर निघत होता. म्हणायला तळं, पण दुसरा काठ दिसत नव्हता. दक्षिणेला एका अरुंद खाडीतून समुद्राचं पाणी आत यायचं आणि जूनमध्ये त्या पाण्याबरोबर टारपन यायचे, माणसाएवढे रुपेरी मासे. ओट्यावर झुलत्या खुर्चीत अर्ल बसला होता. उंच, काळा, पिकल्या केसांचा, आपल्या चर्चमधला जुना सेवेकरी. तो काठीच्या आधारानं उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. यतीनच्या अंत्यविधीला हे दोघं काळे सूट घालून सगळ्यांच्या मागे उभे होते, तेवढीच त्यांची ओळख. त्या दिवशी ती कोणाशीच नीट बोलली नव्हती.

तिला टोचणारा विचार असा होता. अर्विंगच्या देवळाच्या हॉलमध्ये नीलांबरी कीर्तन करायची. आठवडाभर प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासणारी ही बाई रविवारी नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभी राहिली की माणसं मोबाइल विसरायची. कीर्तन तिला वडिलांकडून आलेलं, आणि तिचा भक्तिभावही तसाच भाबडा: आपण नुसतं तोंड उघडायचं, गाणारा निराळा आहे. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची यतीनची. मध्यंतरात तिला बुक्का लागायचा, हार पडायचा आणि ती आख्यानाला उभी राहायची. गोष्ट रंगात आली, आता देव धावून येणार की नाही म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, की नेमका हा माणूस उठायचा. वाकून, पाय न वाजवता बाहेर. एकदा नाही, दरवेळी. घरी आल्यावर म्हणायचा, "छान झालं आज." ती म्हणायची, "हो का?" एवढ्यावर विषय मिटायचा.

लोकांना वाटे, बाई डोळे मिटून गातात. बाईंना ती रिकामी खुर्ची मिटल्या डोळ्यांनीही दिसायची. आणि मासा लागेल म्हणून हाच माणूस दिवस दिवस बोटीत बसून राहायचा. आपलं बोलणं त्याला एका माशाइतकंही धरून ठेवू शकलं नाही, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. आता विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

जेवणं झाली. राजमा खरोखरच चांगला होता, नीलांबरीनं दोनदा घेतला. बूड्रोनं काठ्या चादरीतून काढून भिंतीला टेकवल्या आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या काठीवरून हात फिरवला.

"ही दुसरी," तो अर्लला म्हणाला. "पहिली तळ्यात आहे."

अर्ल गालातल्या गालात हसू लागला.

"तळ्यात कशी?" रुहीनं विचारलं.

"तुला माहीत नाही? तुझ्या बापानं घरी सांगितलं नाही?" बूड्रोनं खुर्ची पुढे ओढली. "ऐक. टारपन गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारतो. अख्खा. आभाळात. त्या वेळी दोरी ताणलेली असली तर तुटलीच समज. म्हणून त्यानं उडी घेतली की आपण कमरेत वाकायचं, काठी त्याच्याकडे खाली करायची, दोरी सैल सोडायची. आम्ही म्हणतो, राजाला मुजरा कर. यॅट, तुझा बाप, पहिल्यांदा आला त्या वर्षी मी त्याला दहा वेळा बजावलं, राजा उठला की वाकायचं. मग एक टारपन लागला. उठला. बाप रे, काय उठला. खवले घासलेल्या भांड्यासारखे लखलखत होते. मी ओरडलो, वाक! आणि हा वाकला. नीट वाकला, मन लावून वाकला."

"दोन्ही हात जोडून," अर्ल म्हणाला.

"दोन्ही हात जोडून! काठी गेली, मासा गेला, आणि हा तसाच नमस्कार करून उभा. माझी काठी होती ती."

रुही हसता हसता टेबलावर पडली. नीलांबरीनं तोंडाला पदर लावला. देवळापुढून गाडी चालवत जातानाही स्टिअरिंगवरचे हात सोडून जोडणारा तो माणूस तिला लख्ख दिसला. किती वेळा ओरडली होती ती त्याच्यावर.

"मग तुम्ही रागावला असाल," ती म्हणाली.

"रागावलो तर. पण मग कळलं, मासा लागेपर्यंतचे तास काढायला याच्यासारखा माणूस नाही. टारपन धरायचा म्हणजे मुख्यतः बसायचं असतं, मिस नीला. दिवसातून दोनदा मासा पाणी फोडून वर येतो. बाकी सगळी वाट. आणि यॅटकडे गोष्टी होत्या."

"कसल्या गोष्टी?"

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमच्या," अर्ल म्हणाला. "तुम्ही उभं राहून सांगता त्या. तो गाऊनसुद्धा दाखवायचा. गळा वाईट होता बिचाऱ्याचा, पण थांबायचं कुठे ते त्याला ठाऊक होतं. तुम्ही कुठे श्वास घेता, कुठे सगळ्यांकडे बघून नुसत्या उभ्या राहता, ते पण करून दाखवायचा. आमचे पाद्रीसुद्धा रविवारी बोलता बोलता गायला लागतात, मिस नीला. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी लागलं ते कळत नाही. मी त्याला म्हणालो, यॅट, तुझ्या बायकोला आमच्याकडे आण, ती आमच्यातली आहे."

नीलांबरीचा हात ग्लासवर होता, तिथेच राहिला.

"फक्त एक भानगड होती," बूड्रो म्हणाला. "एकाही गोष्टीला शेवट नाही. ऐन मोक्याला आणायचा आणि म्हणायचा, मग चहा झाला."

"काय?"

"मग चहा झाला. राजा तलवार उपसून उभा, मग चहा झाला. पोर विहिरीत पडलं, मग चहा झाला. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, तुमच्या धर्मात सगळ्याचा शेवट चहानंच होतो."

"मला नव्हतं वाटलं," अर्ल म्हणाला.

"तुलाही वाटलं होतं."

"बाबा चहा करायचे ना," रुही हळूच म्हणाली. "हॉलच्या किचनमध्ये. आई, तुला माहितीय."

नीलांबरीला माहीत होतं. ऐंशी माणसांचा चहा कोणीतरी करायचाच असतो. तिला तो बहाणा वाटायचा. मंडळात काय माणसं कमी होती?

"मी त्याला म्हटलं, अरे, दुसरा कोणी करील चहा, तू गोष्ट पुरी ऐक," अर्ल सांगू लागला. "तर म्हणाला, शेवटचं गाणं सगळ्यात वरच्या पट्टीतलं असतं. ते झालं की तिचा घसा सोलून निघतो. त्या क्षणी हातात गरम काही पडलं नाही तर दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. त्यात सुंठ लागते, आणि साखर नाही. दुसरे विसरतात. मी म्हटलं, मग घरी जाऊन तिला विचार शेवट काय झाला. तर म्हणतो कसा, विचारलं तर तिला कळेल मी खुर्चीत नव्हतो."

आरती झाली की मंडळातली कादंबरी नावाची मुलगी स्टीलचा पेला आणून तिच्या हातात द्यायची. जाड बुडाचा, बाहेरून रुमाल गुंडाळलेला. नीलांबरी दरवेळी कादंबरीला "देव तुझं भलं करो" म्हणायची. ती पोरगी काहीतरी सांगायला जायची, तोवर पाया पडणाऱ्यांची रांग पुढे सरकायची. यतीन गेल्यापासून तिनं हॉलमध्ये दोन कीर्तनं केली होती. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आवाज बसला होता. वय झालं, असं ती म्हणाली होती.

ती उठली आणि ओट्याच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. पाणी सपाट, पितळेच्या रंगाचं झालं होतं. लांबवर काहीतरी वर आलं, चमकलं आणि परत बुडालं. बूड्रोनं बोलायला तोंड उघडलं असावं, कारण अर्लची काठी एकदा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

मग ती वळली. नाक पुसलं.

"शेवटची कुठली सांगितली होती त्यांनी?"

"नावाड्याची," दोघं एकदमच म्हणाले.

"सप्टेंबरात," बूड्रो म्हणाला. "नदीला पूर आलाय. नावाडी रिकामी नाव घेऊन मधल्या धारेत. या काठावर राजा, देवळात पूजेला निघालेला, मुहूर्त टळतोय, मोहरांची थैली दाखवतोय. पलीकडच्या काठावर एक म्हातारी हाका मारतेय, का ते ऐकू येत नाही. अंधार पडायच्या आत एकच फेरी होईल. आणि मग चहा झाला."

"आणि मग ऑक्टोबर आला," अर्ल म्हणाला.

"आठ महिने आम्ही भांडतोय, मिस नीला. हा म्हणतो, म्हातारी म्हणजेच देव, तिच्याकडेच वळणार. मी आयुष्यभर बोटी चालवल्यात. पुरात नावाडी कुठे वळत नसतो, धार नेईल तिथे लागतो."

"आणि ते?" तिनं विचारलं. "त्यांना काय वाटायचं?"

"यॅट म्हणायचा, नावाड्यानं आधी दोघांनाही ओरडून सांगावं, आलो, आलो."

नीलांबरीला हसू आलं, आणि हसू येता येता डोळे भरले. ते तिनं या वेळी पुसले नाहीत. कुठल्याही कामाला हाक मारली की दुसऱ्या खोलीतून यायचं ते उत्तर हेच. आलो, आलो.

"तर आता तुम्ही आलाच आहात," बूड्रो खुर्चीत सावरून बसला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "काय झालं पुढे?"

अर्लनंही काठी बाजूला ठेवली. हॉलमध्ये ऐंशी माणसं समोर असत, पण असं कोणी बसल्याचं तिला आठवेना. तिनं घसा साफ केला, उजवा हात सवयीनं चिपळ्यांसाठी थोडा उघडला, आणि मग मिटून घेतला.

"इथे नाही," ती म्हणाली. "त्यांनी कुठे थांबवली होती?"

"खाडीच्या तोंडाशी. बोटीत."

"सकाळी किती वाजता निघता तुम्ही?"

"अंधारातच. साडेचारला," बूड्रो म्हणाला. "लवकर आहे फार."

"माझी पूजा झालेली असते तोवर." ती रुहीकडे वळली. "शुभामावशीला फोन कर. आज जेवायला येत नाही म्हणावं."

"आई, तुला पोहता येत नाही."

"मला कुठे पोहायचंय."

"आणि ते मासे पकडताना बघवेल तुला?"

"तुझे बाबा म्हणायचे ना, पकडून सोडून देतात. आणि नाही सोडला तर मी बघून घेईन या दोघांकडे."

बूड्रो आत गेला. कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो नारिंगी लाइफ जॅकेट घेऊन आला. त्यातल्या त्यात लहान होतं ते. बाहीनं त्यावरची धूळ पुसून त्यानं ते तिच्यापुढे धरलं. तिनं पदर कमरेला खोचला आणि देवापुढे उभं राहावं तशी सरळ उभी राहिली. तो एकेक पट्टा ओढून बसवू लागला: कमरेचा, छातीचा, मग वरचा.

"वरचा राहू दे," ती म्हणाली. "गळ्याशी मोकळं पाहिजे. गायचं आहे."