ताईची पाच खुंट्यांची पट्टी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे कसलं फळकूट! तुमचं चुकतं असंही नाही. दाराच्या चौकटीतून उरलेल्या हातभर तुकड्यातून मी झाले. एका सुताराने मला रंधा मारला, गिरमिटाने ओळीत पाच भोकं पाडली आणि पाच खुंट्या रंगवून दिल्या. लाल, निळी, हिरवी, पिवळी, पांढरी. आता मी जुनी झाले आहे, आणि निळी खुंटी कुठे गेली ते मलाही ठाऊक नाही.

सुताराला दोन मुली होत्या. आई नव्हती. थोरलीला सगळे ताईच म्हणत, तिचे वडीलसुद्धा. त्या वर्षी दोघी बहिणी सरकारी नोकरीच्या एकाच परीक्षेला बसणार होत्या. ताई आधी दोनदा थोडक्यात हुकली होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. धाकटीची पहिलीच.

धाकटीची गाडी एकाच प्रकारच्या प्रश्नांवर अडायची. रांगेत कोण कुठे आहे, असा प्रश्न. खाली दोन विधानं. आणि सांगायचं काय, तर उत्तर ठरवायला कोणतं विधान पुरेसं आहे. ती अगदी रडकुंडीला यायची. म्हणूनच ताईने मला करून घेतलं होतं.

सुतारकाम सुरू होण्याआधी, सकाळी, दोघी मला मध्ये ठेवून बसत.

"मधोमध कोण?" ताई वाचायची. "पहिलं विधान. लाल डाव्या टोकाला आहे आणि निळीच्या लगेच उजवीकडे हिरवी आहे. ठरतंय का?"

धाकटीने खुंट्या लावल्या. निळी-हिरवीची जोडी तीन ठिकाणी बसत होती. मधोमध कधी हिरवी यायची, कधी निळी, कधी तिसरीच. "नाही ठरत."

"आता दुसरं. पिवळी उजवीकडून दुसरी आहे."

"मग मधोमध हिरवी!"

"थांब गं बाई! लाल डावीकडे आहे, हे दुसऱ्यात कुठे म्हटलंय? आधी सगळ्या खुंट्या काढ. एकेक विधान एकटं वाचायचं. दोन्ही अपुरी पडली, तरच एकत्र करायची."

धाकटीने एकटी पिवळी लावून पाहिली. मधोमध उरलेल्यांपैकी कुणीही येऊ शकत होतं. मग तिने दोन्ही विधानं एकत्र धरली. लाल पहिली, पिवळी चौथी. जोडीला दुसरी-तिसरी एवढीच जागा उरली.

"दोन्ही मिळून पुरेशी!" ती ओरडली.

कामाला बसण्यासाठी रंधा उचलता उचलता सुतार हसला. "मला बापड्याला काही कळलं नाही. पण लाकूड कामी आलं."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

परीक्षेच्या दिवशी धाकटीचं केंद्र लांब होतं, म्हणून ती लवकर निघाली. ताईचं केंद्र जवळ होतं. ती चपला घालत होती, तेवढ्यात करवतीच्या यंत्रावर सुताराचा हात सरकला. दोन बोटं गेली.

"तू जा, मी शेजाऱ्यांना हाक मारतो," तो म्हणत राहिला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. ताईने त्याचा हात ओढणीत गुंडाळला आणि त्याला दवाखान्यात नेलं.

दुपारी परतल्यावर तिने फरशी धुतली, यंत्र पुसलं. हॉल तिकीट एका वहीत घालून वही खणात तळाशी ढकलली.

"बाबा, तिला सांगायचं, दुपारी लागलं. मी पेपर देऊन आल्यावर."

सुताराने खाली बघतच मान हलवली.

संध्याकाळी धाकटी आली. बाबांचा हात पाहून रडली. मग तिने विचारलं, "ताई, तुला कसा गेला पेपर?"

"बरा गेला. रांगेचा प्रश्न आला होता का गं?"

"दोन आले! दोन्ही सुटले!"

ताईने तिला मिठीत घेतलं. धाकटीला तिचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता.

निकालात धाकटीचं नाव होतं. ती दूरच्या शहरात रुजू झाली. ताई वडिलांचा धंदा सांभाळू लागली. काही वर्षं गल्लीतली मुलं माझ्यावर रांगा शिकली आणि माझं कौतुकही झालं. पुढे ताईला सवड उरली नाही. एके दिवशी कुणीतरी मला डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली सारलं.

बारा वर्षांनी सुतार गेला. धाकटी घरी आली. खण आवरताना त्या वहीतून हॉल तिकीट खाली पडलं. नोकरीत तिने कितीतरी परीक्षांवर देखरेख केली होती. तिची नजर थेट खालच्या चौकोनावर गेली. पर्यवेक्षकाच्या सहीची जागा कोरी होती.

"ताई, तू पेपरला बसलीच नव्हतीस?"

ताई कपाट पुसत राहिली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू नोकरीवर गेली असतीस?"

धाकटीने हॉल तिकीट वहीवर ठेवलं. "बारा वर्षं मी लोकांना सांगत आले, आमच्या ताईला ती परीक्षा जमली नाही."

"अगं, मलाही हल्ली तसंच वाटायला लागलं होतं," ताई म्हणाली.

दोन दिवसांनी रजा संपली आणि धाकटी परत गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला वर्षातून एकदा तेलाचा हात लावला, तरी पुरतं. माणसाचं तसं नसतं. तुम्हाला हाताला धरून शिकवणारं कुणी घरात असेल, तर त्यांचं स्वतःचं काय राहून गेलं, हे त्यांच्याजवळ बसून विचारा. आणि ते हसून विषय बदलू लागले, तर लगेच उठून जाऊ नका.