वरच्या यादीत नसलेली

मी एक प्रॉपर्टी बोलतेय. घर-जमीन नव्हे हो, पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्राममधली, म्हणजे माहितीचा एक रकाना. दातांच्या दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये 'पेशंट' नावाचा क्लास आहे. क्लास म्हणजे कोरा फॉर्म समजा. नाव, वय, फोन हे रकाने त्यात वरती रीतसर जाहीर केलेले. मी, अ‍ॅलर्जी, तेवढी नाही.

दवाखाना ताईंचा, प्रोग्राम त्यांच्या धाकट्या भावाचा. त्याने मला जन्माला घातलं ते मधेच कुठेतरी, माहिती साठवायच्या ओळींत, जेवायला उठता उठता. वर नाव घालायचं राहिलं. नंतर लिहू म्हणाला. त्याचं 'नंतर' म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारा.

पुढे पीएचपीची नवी आवृत्ती आली. ती बिचारी रोज इशारा देई, ही कोण, हिला आधी जाहीर करा. एका ओळीचं काम! पण या पठ्ठ्याने क्लासवर 'जाहीर न केलेल्याही चालतील' अशी परवानगी चिकटवून तिचं तोंड बंद केलं. माझा नुसता संताप झाला, पण मला विचारतो कोण?

आठ महिन्यांनी त्याने औषधाच्या चिठ्ठीचं पान बनवलं. वरची यादी पाहिली, तिथे मी नाही. त्याला वाटलं, अ‍ॅलर्जीचं अजून काही केलेलंच नाही. म्हणून 'औषधबाधा' नावाची नवीच प्रॉपर्टी काढली. परवानगी होतीच, पीएचपीने हूं की चूं केलं नाही. काउंटरवरच्या मावशी माहिती माझ्यात भरत, आणि चिठ्ठी विचारी तिला. ती ठार रिकामी.

एका निवृत्त मास्तरांनी मावशींना सांगितलं होतं, पेनिसिलिन चालत नाही. ते माझ्यात होतं, अक्षरन् अक्षर. ताईंच्या पडद्यावर मात्र आलं, 'काही नाही'. मी ओरडणार कशी? त्यांनी त्याच जातीचं औषध लिहून दिलं. मास्तरांचा घसा सुजला, तीन दिवस हॉस्पिटलात काढले. वाचले, नशीब.

ताईंनी भावाला समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

"वर लिहायला किती वेळ लागला असता?"

"अर्धं मिनिट," तो मान खाली घालून म्हणाला.

आता माझं नाव वर आहे, परवानगी गेली, ती 'औषधबाधा'ही गेली. मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. अरे बाबांनो, जे ठेवायचं ते आधी नावानिशी जाहीर करा, एवढंच मागत होते ना मी? मास्तरांची नोंद आता बिनचूक दिसते, पण ती उघडायची वेळच येत नाही. मावशी सांगत होत्या, ते हल्ली दुसरीकडे जातात, आणि तिथला कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद डॉक्टरांपुढे धरतात.