भिंतीची तब्येत

गाडी चालवायला शिकवणारा माणूस खेळायला बसला तरी शिकवतोच, हे टीममधल्या चौघांनी चार वर्षं सहन केलं होतं. त्याला सगळे मास्तर म्हणत. वय बेचाळीस, नोकरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, आणि आठवड्याचे सहा दिवस शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबायचा हे काम. रविवारी दुपारी चारला तो कॉम्प्युटरसमोर बसून कानावर हेडफोन चढवायचा आणि एका अगडबंब सुपरहिरोच्या अंगात शिरायचा. हल्ली ही हकिकत तो सिग्नलला गाडी थांबली की शिकाऊ मंडळींना स्वतःच ऐकवतो, आणि स्वतःची फजिती सांगताना हात अजिबात आखडता घेत नाही. त्यामुळे इथे पदरचं काही घालावं लागलेलं नाही.

खेळ तसा सोपा. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकाने आपापला सुपरहिरो निवडायचा आणि समोरच्यांना हाणून एक चौक ताब्यात ठेवायचा. हिरो तीन प्रकारचे: पुढे उभा राहून मार खाणारा तो टँक, मार देणारे ते मारेकरी, आणि मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरणारा तो हीलर. मास्तर अर्थातच टँक. त्याच्या हिरोचं खेळाच्या कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं, टीम त्याला नुसतं ‘भिंत’ म्हणायची. मारेकरी तिघे: मास्तरच्या बायकोचा भाऊ, म्हणजे दंतवैद्य मेहुणा, आणि त्याच्या दवाखान्यातले दोघे सहकारी. हीलर मास्तरची धाकटी बहीण. ती खरोखरच नर्स होती. पहिल्याच रविवारी मास्तरने कामं वाटून दिली होती तेव्हा तिला म्हणाला होता, तू काय, नर्सच आहेस, तुला वेगळं शिकवायला नको. ती बरं म्हणाली. त्या ‘बरं’वर चार वर्षं निघाली.

या चार वर्षांत भिंत क्वचितच पडली. मेहुणा आणि त्याची दोन माणसं मात्र पटापट मरायची आणि मास्तर त्यांना समजावून सांगायचा. उभं कसं राहावं, मान कधी वळवावी, आरसे कसे बघावेत. खेळात आरसे नव्हते, पण मास्तरला त्याने फरक पडत नसे. ‘जरा जगायला शिका रे, माझ्याकडे बघा,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. आता ते वाक्य आठवलं की तो कपाळावर हात मारून घेतो.

मग नवा सीझन आला. भूमिकांचा तोल बिघडलाय, टँक फार टणक झालेत, असं कंपनीच्या मनाने घेतलं आणि तिने भिंतीचं चिलखत एक चतुर्थांश पातळ केलं. दोन नवे हिरो आले. एक वावटळ नावाची मारेकरी, छपरांवरून उड्या मारत येणारी. दुसरा झरा, पाठीवर पाण्याचं पिंप घेतलेला काडीपहिलवान हीलर. शिवाय प्रत्येक सामन्यानंतर एक तक्ता दिसू लागला: कोणी कोणाच्या जखमा किती भरल्या, टक्क्यांत.

सीझन सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी बहिणीने टीमच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली. या सीझनला मी वावटळ घेणार.

मास्तरने उत्तरादाखल भलामोठा निबंध लिहिला. संघाचा समतोल, अनुभवाचं महत्त्व, ज्याचं काम त्याने करावं वगैरे. बहिणीने तो वाचला की नाही कोण जाणे. तिने सरळ फोन केला.

‘दादा, आठवडाभर मी लोकांच्या जखमाच बांधते. रविवारी मला कुणाला तरी उडवायचंय. जमत नसेल तर तसं सांग, मी टीममधून बाहेर पडते.’

मास्तरची पाचावर धारण बसली. हीलर दुसरा मिळाला असता. पण बहीण आठ तासांच्या अंतरावरच्या शहरात राहत होती, आणि आई गेल्यापासून दोघांचं फोनवरचं बोलणं म्हणजे कशी आहेस, बरी आहे, तू कसा, बरा. दोन मिनिटांत दोघेही फोन ठेवायला मोकळे. रविवारचे दोन तास तेवढे काय ते उरले होते. ते गेले असते तर बहीण वर्षातून एकदा भेटणारी पाहुणी झाली असती. यातलं तो तिला काहीच बोलला नाही. ‘घे की वावटळ, मी कुठे नाही म्हणतोय,’ एवढंच म्हणाला.

आता हीलर कोण होणार? मेहुणा म्हणाला, दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसतो, रविवारी माफ करा. त्याच्या दोघांनीही हात वर केले. शेवटी मास्तरने, जणू काही राज्य सोडून वनवासाला निघालाय अशा थाटात, झरा घेतला. भिंत त्या दोघांपैकी एकाकडे, दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टकडे, गेली. बायकोने दारातून विचारलं, ‘अहो, तुम्हाला मागे उभं राहणं जमेल?’ त्यात काय मोठंसं, असं तो म्हणाला.

पहिल्या सामन्यात तो आठ सेकंद मागे उभा राहिला. नवव्या सेकंदाला पाय आपोआप पुढे निघाले, आणि काडीपहिलवान झरा पाण्याचं पिंप सांभाळत शत्रूंच्या ऐन घोळक्यात जाऊन छाती पुढे काढून उभा राहिला. पुढचं सांगायला नको. त्यातून वावटळ छपरावरून झेपावली की मास्तरचा ब्रेकवरचा पाय टेबलाखाली जमिनीवर जोरात दाबला जायचा, आणि तोंडातून ‘हळू, वळण आहे, हळू’ निघून जायचं. टीम सपाटून हरली. तक्ता आला. झऱ्याने भरलेल्या जखमांपैकी अडुसष्ट टक्के खुद्द झऱ्याच्याच होत्या.

मेहुण्याने तो आकडा दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या सामन्याला मास्तर इरेला पेटला. बहिणीने टीम सोडू नये म्हणून तिला हा सामना आवडलाच पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि नजर वावटळीवर खिळवून ठेवली. ती डावीकडे गेली की हा डावीकडे. तिला ओरखडा उठायचा अवकाश की पिंप रिकामं. आणि बहीण काय खेळत होती! चार वर्षं मागे उभी राहून तिने सगळ्यांच्या चाली पाठ केल्या होत्या. समोरचा कुठून येणार हे तिला आधीच कळत होतं. मास्तरला अभिमान वाटला, आणि ही कुठे दडून बसली होती, असाही प्रश्न पडला. त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. त्यानेच तिला बसवलं होतं.

तरीही टीम हरली, कारण मागे बाकीचे तिघे औषधावाचून पटापट मेले होते. तक्ता आला: वावटळ, चौऱ्याण्णव टक्के.

मास्तरने माफी मागितली. मेहुणा न चिडता म्हणाला, ‘भावोजी, आम्हाला सवय आहे हो. चार वर्षं आम्ही असेच मरतोय.’

म्हणजे काय, असं मास्तरने विचारलं. मेहुणा आधी आढेवेढे घेऊ लागला. मग म्हणाला की, नव्या सीझनमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे पहिल्या दिवसापासूनचे आकडेही दिसतात. त्याने सकाळी सहज मास्तरच्या बहिणीचं पान उघडलं होतं. तिने चार वर्षांत जेवढ्या जखमा भरल्या, त्यातल्या एक्याऐंशी टक्के एकट्या भिंतीच्या होत्या.

मास्तरला आपलं ते ठरलेलं वाक्य आठवलं. माझ्याकडे बघा. आपण उभे होतो ते आपल्या जिवावर नव्हे, आणि ज्यांना आपण वर्षानुवर्षं झापलं ते आपल्याच वाटचं मरत होते. त्याला सरळसरळ लाज वाटली.

‘असं का केलंस गं?’ त्याने बहिणीला विचारलं.

‘पहिले दोन रविवार आठव,’ ती म्हणाली. ‘तू मेलास, चिडलास आणि बंद करून उठून गेलास. एकदा वीस मिनिटांत, एकदा बारा. तू उठलास की माझा रविवार संपायचा. मग म्हटलं, याला मरूच द्यायचं नाही.’

मेहुणा हलकेच खाकरला आणि तिसरा सामना सुरू करू का म्हणून विचारू लागला. मास्तर हो म्हणाला.

तिसऱ्या सामन्यात तो अकराव्या सेकंदाला मेला. मेल्यावर पडदा करडा होतो आणि परत जिवंत व्हायला थोडी वाट बघावी लागते. तेवढ्या वेळात लोक काय करतात, हे मास्तरला माहीतच नव्हतं. उठून जायचं नव्हतं. शिकवायला तोंड राहिलं नव्हतं. तेवढ्यात त्याच्या शेजारीच वावटळही कोसळली.

‘जेवलीस का?’ त्याने विचारलं.

‘नाही अजून. ड्युटीवरून आले ती थेट खेळायला बसले.’ मग ती म्हणाली, ‘माझी बदली झालीय दादा. लहान मुलांच्या वॉर्डात टाकलंय. दोन महिने झाले.’

‘दोन महिने?’

‘पहिल्या दिवशी फार घाबरले होते. एक मुलगी हातच सोडेना माझा. घरी येऊन रडले. तुला फोन करणार होते. मग म्हटलं, रविवारी सांगू. पण रविवारी तुला जिवंत ठेवण्यातच सगळा वेळ जायचा.’

पडद्यावर रंग परत आले. झरा सुरुवातीच्या खोलीत पिंपासकट जिवंत उभा राहिला, समोरचं दार उघडलं. मेहुणा ओरडून सांगत होता की चौक हातचा चाललाय. मास्तरने कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

‘जाऊ दे चौक,’ तो म्हणाला. ‘तू त्या मुलीचं सांग.’